सोनेरी खुर्चीची पावती

जुन्या इंग्रजी खुर्चीची कुळी सांगणारे पुष्कळ भेटतात, पावती दाखवणारे थोडे. सर लॉरेन्स डंडास यांच्या लंडनच्या घरातल्या आठ सोनेरी खुर्च्यांची पावती मात्र आहे. रॉबर्ट अ‍ॅडमने 1764 मध्ये आराखडा काढला, थॉमस चिपेंडेलने 1765 मध्ये खुर्च्या घडवल्या. बिल 160 पौंडांचे, म्हणजे नगाला 20. त्यात एक बारीक नोंद आहे: कापड गिऱ्हाइकाचे. ‘कापड तुमचे, शिलाई आमची’ हा व्यवहार संत नामदेवांच्या शिंपी घराण्याच्या, हिंगोलीजवळच्या नरसीला काय नवा?

सोन्याचे कामही बिलातूनच कळते. लाकडावर सरस आणि खडूचे लेप चढवून, ते घासून गुळगुळीत करायचे. मग लाल मातीचा थर देऊन, पाणी लावून, खारीच्या केसांच्या कुंचल्याने वर्ख बसवायचा आणि अकीकाने घोटायचा, ही एक पद्धत. दुसरी तेलावर वर्ख चिकटवण्याची. तिला घोटाई नाही, झळाळी मंद, पण टिकाऊ. चिपेंडेलने तेलाची पद्धत वापरली, असे तोच बिलात लिहितो.

डंडासचा पैसा मुख्यतः लष्कराला रसद पुरवून आलेला. फौजेचे बिल आपल्याकडेही कुणीतरी भरलेच. हिंगोलीत छावणी असलेल्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापायी 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले. त्याआधी 1803 च्या सुमारास ब्रिटिश रेसिडेंट कर्कपॅट्रिकने हैदराबादेत बांधायला घेतलेल्या रेसिडेन्सीचा खर्चही निजामाचाच. तिथली झुंबरे इंग्लंडच्या युवराजाकडची, असे सांगतात. निव्वळ ‘सांगतात’वर माझा जीव रमत नाही. 1949 पासून त्या वास्तूत मुलींचे कॉलेज भरू लागले. दरबारी थाटापेक्षा हा उपयोग मला बरा वाटतो.

डंडासच्या वारसांनी 1934 मध्ये घरातले सामान लिलावात काढले, त्यात या खुर्च्याही गेल्या. त्यांतली एक आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

आपल्या भागातल्या वाड्यात, गढीत एखादी जुनी साहेबी खुर्ची निघाली, तर तिच्यावर बाजारचा सोनेरी रंग फासू नका. तो काही वर्षांत काळवंडतो आणि खालचा वर्खही झाकतो. आधी ती उलटी करून बैठकीखालची चिठ्ठी, शिक्का, आकडा पाहा आणि फोटो काढून ठेवा.