उधारीची वही आणि बँकेचा हप्ता

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून नोकरांच्या राष्ट्रीय विम्यापोटी मालकाने भरावयाचा हिस्सा १३.८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेला. ही वाढ जाहीर झाल्यावर टेस्को, मार्क्स अँड स्पेन्सर यांसारख्या बड्या दुकानसंस्थांनी नोव्हेंबर २०२४ मध्येच अर्थमंत्र्यांकडे संयुक्त पत्र धाडले होते. त्यांचे गाऱ्हाणे खोटे नव्हते. परंतु गाऱ्हाणे मांडावयास ज्यांना सवडही नाही आणि ज्यांचे ऐकावयास कोणी बसलेलेही नाही, असे दुकानदार आमच्या जिल्ह्यात भोर-वेल्ह्याच्या डोंगरात आहेत. आज त्यांचा हिशेब वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

हा मुलूख भाताचा. लावणी आषाढात, आणि हाती पैसा यावयाचा तो दिवाळीच्या आगेमागे, भात झोडून विकल्यावर. मधल्या चार महिन्यांत तेल, मीठ, साखर, चहा, साबण हे सारे जिन्नस गावच्या दुकानदाराच्या वहीवर जातात. या उधारीवर तो बहुधा व्याज लावीत नाही. लावील तर गिऱ्हाईक राहणार नाही. रोखीचे गिऱ्हाईक मात्र हातून निसटत आहे. पुण्यास नोकरीला गेलेली मुले शनिवारी घरी येताना महिन्याचा बाजार शहरातूनच बांधून आणतात. रोख शहराला आणि उधार गावाला, अशी ही वाटणी. आम्ही शाळेत असताना नफा-तोट्याची शेकडो उदाहरणे मुलांकडून सोडवून घेतली. त्यांतल्या एकातही उधारी नव्हती, याचे आता नवल वाटते.

त्यात करबदलाची भर पडली. २२ सप्टेंबर २०२५ रोजी अंगाचा साबण, केशतेल, टूथपेस्ट, बिस्किटे यांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर उतरला. ग्राहकाच्या दृष्टीने हे स्वागतार्हच होते. पण मूळ शंभर रुपयांचा जो माल दुकानदाराने एकशे अठराला घेऊन ठेवला होता, तोच आता एकशे पाचाला मिळू लागला. रीतसर नोंदणी असलेल्या मोठ्या दुकानास खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळते. उलाढाल चाळीस लाखांच्या आत म्हणून ज्याची नोंदणीच नाही, त्याला ती नाही. उलाढालीवर एक टक्का भरणाऱ्या कंपोझिशन योजनेतील दुकानदारालाही नाही. ती तेरा रुपयांची खोट, जेथे कंपनीने वा घाऊक व्यापाऱ्याने भरून दिली नाही, तेथे दुकानदाराच्याच अंगावर पडली. आणि तीही केव्हा, तर वही पुरती फुगलेली असते त्या घटस्थापनेच्या दिवशी!

पीककर्जाची परतफेड हंगामावर ठरते, हे तत्त्व सरकारने व सहकारी बँकांनी केव्हाच मान्य केले आहे. त्याच शेतकऱ्याला चार महिने किराणा पुरविणाऱ्या दुकानदाराने मुद्रा योजनेतून कर्ज काढले, तर हप्ता मात्र बहुधा दरमहा पडतो. श्रावणात त्याने तो कोठून आणावा? पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने व इतर बँकांनी भातपट्ट्यातील किराणा दुकानांस दिवाळीनंतर फेडावयाचे कर्ज देण्याचा विचार करावा. तारण काय, असा प्रश्न येईल. उधारीची वही तारण म्हणून चालत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु घाऊक व्यापाऱ्याच्या बिलांवरून दुकानाच्या खरेदीचा अदमास घेणे बँकेला अवघड नाही. पुढील लावणीपूर्वी ही सोय झाली, तरच तिचा उपयोग.