कार कंपनीची ‘विक्री’ म्हणजे नेमकं काय? प्रॉडक्शन, डोमेस्टिक सेल्स आणि एक्सपोर्टचे आकडे कसे वाचायचे

खांदा कॉलनीत राहणाऱ्यांना नव्या कोऱ्या गाड्या लादलेले लांबलचक ट्रेलर काही नवीन नाहीत. मुंबई-पुणे एक्सप्रेस वे बाजूच्याच कळंबोलीत सुरू होतो, आणि चाकण-तळेगावचा माल मुंबईकडे जातो तो इथूनच. त्या ट्रेलरवरच्या गाडीचं स्टिअरिंग डाव्या बाजूला दिसलं तर समजा, ती आपल्यासाठी नाही, बोटीवर चढणार आहे.

एप्रिल उजाडला की मोबाइलवर बातम्या येतात, ‘अमुक कंपनीची विक्रमी विक्री’. पण या एका शब्दाखाली तीन-चार वेगळे आकडे असतात. गाडी घ्यायचा विचार असेल तर ते वेगळे करता यायला हवेत.

प्रॉडक्शन सोपं आहे: वर्षभरात कारखान्यातून किती गाड्या बाहेर पडल्या. एक्सपोर्टही सोपं, त्यातल्या किती परदेशी गेल्या. गोंधळ होतो तो डोमेस्टिक सेल्समध्ये. कंपन्यांची संघटना ‘सियाम’ जो आकडा देते, तो कंपनीनं डीलरकडे पाठवलेल्या गाड्यांचा असतो. म्हणजे गाडी पनवेलच्या एखाद्या शोरूमच्या यार्डात धूळ खात उभी असली तरी कंपनीच्या हिशेबात ती विकली गेली! ग्राहकाच्या नावावर किती गाड्या झाल्या हे डीलर्सची संघटना ‘फाडा’ आरटीओ नोंदणीवरून सांगते. 2024-25 मध्ये सियामचा प्रवासी गाड्यांचा आकडा होता सुमारे 43 लाख, फाडाचा सुमारे 41.5 लाख. (फाडाच्या आकड्यात तेलंगणा नव्हतं, म्हणून सगळा फरक काही शिल्लक मालाचा नाही.)

हा शिल्लक माल आपल्या कामाचा असतो बरं का. सप्टेंबर 2024 संपताना डीलरांकडे 80 ते 85 दिवस पुरतील इतक्या गाड्या साचल्या आहेत, असं फाडानं सांगितलं होतं. किंमत सुमारे 79,000 कोटी रुपये. डीलरचं बँकेचं व्याज रोज चालू असतं, त्यामुळे अशा वेळी डिस्काउंटसाठी घासाघीस करायला जोर येतो.

आता मारुतीचं 2024-25 चं गणित बघा. एकूण विक्री 22,34,266. त्यात एक्सपोर्ट 3,32,585. उरल्या 19,01,681, पण त्यातल्याही 1,06,422 गाड्या मारुतीनं दुसऱ्या कंपनीला बनवून दिल्या. बलेनोचीच बहीण असलेली टोयोटाची ग्लान्झा त्यातलीच. मारुतीच्या नावानं देशात डीलरकडे गेल्या त्या 17,95,259. बातमीच्या मथळ्यात यातला कोणताही आकडा येऊ शकतो, आणि प्रत्येक वेळी तो खोटा नसतो!

एक्सपोर्टचा आकडा मात्र कधी कधी चांगलाच चकवतो. याचं उदाहरण आपल्या जवळचंच, तळेगावचं. शेवरोले बीट आठवते? जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना 2008 मध्ये सुरू झाला. 2016-17 मध्ये कंपनीची निर्यात जवळपास दुप्पट होऊन 70,969 गाड्यांवर गेली. मेक्सिकोसारख्या देशांत बीट जोरात जात होती. त्याच वर्षी भारतात विकल्या गेल्या फक्त 25,823, आदल्या वर्षापेक्षा सुमारे 21 टक्के कमी. नुसता निर्यातीचा आकडा पाहणाऱ्याला कंपनी जोरात आहे असंच वाटलं असतं. आणि मे 2017 मध्ये घोषणा झाली: वर्षअखेर भारतात विक्री बंद, तळेगावात फक्त निर्यातीसाठी गाड्या बनणार. डिसेंबर 2020 मध्ये तेही थांबलं. 2023 मध्ये तो कारखाना घ्यायचा करार ह्युंदाईनं केला.

जुन्या ग्राहकांची वॉरंटी आणि सर्व्हिस चालू ठेवू, असं कंपनीनं सांगितलं होतं. पण शोरूमच बंद झालेल्या ब्रँडची गाडी सेकंडहँड बाजारात विकायला काढली की काय भाव येतो, ते वेगळं सांगायला नको. एक्सपोर्ट वाढणं वाईट नाही, त्यावर चाकण-तळेगावातल्या कितीतरी नोकऱ्या चालतात. फक्त देशातली विक्री दोन-तीन वर्षं सलग घसरत असेल आणि एकूण आकडा एक्सपोर्टवर तरला असेल, तर बुकिंगचे पैसे भरण्याआधी मी तरी दोनदा विचार करीन.

आकडे स्वतः तपासायचेत? मोबाइलच्या ब्राउझरमध्ये सरकारचा ‘वाहन डॅशबोर्ड’ उघडा. डेस्कटॉप साइट मोड लावा, नाहीतर रकाने कापले जातात. राज्य महाराष्ट्र, आरटीओ पनवेल, म्हणजे आपलं एमएच-46. वाय-ॲक्सिसला ‘मेकर’, एक्स-ॲक्सिसला ‘मंथ वाइज’ निवडा आणि रिफ्रेश दाबा. ते दाबायचं विसरलात तर जुनाच तक्ता दिसत राहतो. कोणत्या कंपनीच्या किती गाड्या दर महिन्याला पनवेल परिसरात खरोखर कुणाच्या तरी नावावर झाल्या, ते समोर येईल. मागचं वर्ष निवडून तुलना करा, आणि तुमच्या मनातल्या कंपनीचा आकडा कुठे चाललाय ते कमेंटमध्ये सांगा.