जुना संगणक बंद पडला, तरी हिशेब बंद पडू देऊ नका

आवणीची घाई, वरून त्र्यंबकचा पाऊस, तरी रेडिओजवळ बसलात, बरं वाटलं. आजचा विषय आहे जुना संगणक. "हे काही आपल्या कामाचं नाही," म्हणून आवाज कमी करू नका. विषय संगणकाचा असला, तरी गोष्ट आपल्या बचतीची आहे, आणि आपल्यातल्याच एका बाईच्या अब्रूची आहे.

आमच्याकडच्या एका गावात वीस वर्षांपूर्वी काही बचत गटांनी मिळून हिशेबासाठी दोन जुने संगणक घेतले होते. एकावर बचतीचा हिशेब, दुसऱ्यावर कर्जाचा. दोन्हींच्या पाठीमागून एक वायर जोडलेली. महिनाअखेरीला बचतीचा संगणक त्या वायरीवरून कर्जाच्या संगणकाला माहिती द्यायचा. पुढे ते गट मोडले, नवे झाले, संगणक कपाटावर गेले. वह्या होत्या, पण छत गळलं आणि त्यांचा लगदा झाला. आपल्याकडचा पाऊस कागदाला काय करतो, ते तुम्हाला सांगायला नको.

मागच्या वर्षी एका मावशींनी विचारलं, "माझे जुन्या गटातले चोवीसशे रुपये कुठं आहेत?" दोनपैकी बचतीचा संगणक कसाबसा सुरू झाला. त्यात मावशींच्या नावावर सोळाशे पन्नास दिसले. म्हणजे साडेसातशे कमी. लगेच कुजबुज सुरू झाली, कारण तेव्हा हिशेब लिहिणाऱ्या ताई त्याच बैठकीत बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या खाली बघत राहिल्या. उत्तर होतं कर्जाच्या संगणकात, आणि तो तर सुरूच होत नव्हता.

इथं आमच्या मदतीला आली गटातल्याच एका ताईंची मुलगी. पॉलिटेक्निकला शिकते. ती म्हणाली, "संगणक मेलाय, पण त्याची डिस्क जिवंत असेल. आपण त्याला लॅपटॉपमध्ये पुन्हा उभा करू." आम्हाला वाटलं, पोरगी काहीतरीच बोलतेय. पण तिनं केलं. तिनं काय केलं आणि ते कसं चालतं, तेच आज सांगते.

लॅपटॉप होतो बहुरूपी

आपल्या गावात बहुरूपी यायचे, आठवतं ना? पोलिसाचा वेश घालून दारात उभा राहायचा आणि "चला चौकीला" म्हणायचा. पोरं घाबरून आईच्या पदरामागे लपायची. पोरांच्या लेखी तो खराच पोलीस असायचा.

लॅपटॉपही असाच बहुरूपी होऊ शकतो. त्याला वेश चढवणाऱ्या सॉफ्टवेअरला इम्युलेटर म्हणतात. हिशेबाचा जुना प्रोग्रॅम विचारतो, "तू तोच जुना संगणक ना? तोच पडदा, तोच कीबोर्ड?" इम्युलेटर प्रत्येक प्रश्नाला जुन्या संगणकासारखंच उत्तर देतो. प्रोग्रॅमला फरक कळत नाही आणि तो बिनघोर काम करू लागतो.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची, त्या जुन्या पद्धतीला डॉस म्हणत. डॉसचे प्रोग्रॅम चालवणारा 'डॉसबॉक्स' नावाचा इम्युलेटर २००२ पासून फुकट मिळतो. तो मुळात जुने खेळ खेळण्यासाठी बनवला, पण हिशेबाचे बरेच प्रोग्रॅमही त्यात उघडतात. पूर्वी कितीतरी पतसंस्थांचे हिशेब फॉक्सप्रोमध्ये केलेल्या प्रोग्रॅमवर चालायचे. तसं काही तुमच्याकडे पडून असेल, तर आशा सोडू नका.

एक उदाहरण देते. जुन्या घरात मोडीतले कागद सापडतात. कागद शाबूत असतो, शाईही असते, पण वाचणारं माणूस नसतं. आपल्या त्र्यंबकच्या तीर्थपुरोहितांकडे घराण्यांच्या नामावळीच्या वह्या आहेत. त्या आजही उपयोगी पडतात, कारण वही जपली आणि वाचणाराही जपला. संगणकाच्या नोंदींचंही तसंच आहे. डिस्क म्हणजे वही, आणि इम्युलेटर म्हणजे ती वाचणारा.

वायरीचंही सोंग

आता दुसरी अडचण. कर्जाचा प्रोग्रॅम बचतीच्या संगणकाकडून माहिती आल्याशिवाय पुढे सरकतच नव्हता. पूर्वी दोघांमध्ये वायर होती. जुन्या संगणकाच्या मागे नऊ पिनांचं एक तोंड असायचं, ती वायर त्यात बसायची. आताच्या लॅपटॉपला ते तोंडच नसतं.

पण डॉसबॉक्स नुसत्या संगणकाचं नाही, तर त्या वायरीचंही सोंग घेतो. एका लॅपटॉपमध्ये बचतीचा संगणक, दुसऱ्यात कर्जाचा, आणि मधे वायरीऐवजी वायफाय. प्रोग्रॅम आपला माल जुन्या वायरीत टाकतो असं समजतो. इम्युलेटर तो उचलतो, आजच्या पद्धतीच्या पाकिटात घालतो आणि हवेतून पलीकडे पाठवतो. पलीकडचा इम्युलेटर पाकीट फोडतो आणि आतला माल आपल्या प्रोग्रॅमला देतो, जणू वायरीतूनच आला. सेटिंगच्या फाइलमध्ये त्यासाठी एकेक ओळ लिहावी लागते. एका लॅपटॉपवर "मी हाक ऐकायला बसलोय" अशा अर्थाची, आणि दुसऱ्यावर "अमुक घर नंबरला हाक मार" अशा अर्थाची.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या पाड्यावर फोनला रेंज नाही, वायफाय कुठून आणायचं? इथं आपली नेहमी गल्लत होते. वायफाय वेगळं आणि इंटरनेट वेगळं. घरावर टाकी आहे, टाकीपासून मोरीपर्यंत पाइप आहे. गावची नळयोजना चार दिवस बंद राहिली, तरी टाकीतलं पाणी मोरीत येतंच ना? वायफाय म्हणजे घरातला पाइप, इंटरनेट म्हणजे गावची योजना. फोनचा हॉटस्पॉट सुरू केला, की दोन्ही लॅपटॉप त्याला जोडले जातात आणि फोन प्रत्येकाला घर नंबरासारखा एक आकडा देतो. मग ते एकमेकांशी बोलतात. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. काही फोन डेटा बंद असला तर हॉटस्पॉट सुरू करत नाहीत. तेव्हा साधा राउटर विजेला जोडला तरी काम होतं. आणि लॅपटॉप एकच असेल, तर त्याच्यातच दोन खिडक्या उघडून दोन जुने संगणक चालवता येतात.

आम्हाला पहिल्यांदा जमलं नाही. लॅपटॉपच्या विंडोजनं "आत येऊ देऊ का?" असं विचारलं होतं आणि आम्ही घाबरून "नको" दाबलं होतं. ते बदललं. दुसऱ्यांदा अर्ध्यावर तुटलं. जुनी वायर सावकाश चालायची, पण एका लयीत. वायफाय वेगवान, पण मधेच अडखळतं. जुन्या प्रोग्रॅमला धीर नसतो, उत्तराला उशीर झाला की तो नाद सोडतो. मग दोन्ही लॅपटॉप फोनच्या जवळ, एकाच सतरंजीवर मांडले. तिसऱ्यांदा माहिती पोचली.

कर्जाचा हिशेब उघडला. जून २००४ मध्ये मावशींच्या कर्जाचा शेवटचा हप्ता बचतीतून वळता केला होता. साडेसातशे रुपये, आणि पुढे 'कर्ज पूर्ण'. मावशींना एकदम आठवलं. "हो गं, पेरणी तोंडावर आली होती, मीच म्हटलं होतं, बचतीतून कापून घ्या." हिशेब लिहिणाऱ्या ताईंनी डोळ्याला पदर लावला. मावशी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

आपल्याच राज्यातल्या दोन गोष्टी

यंत्रांनी बिनतारी बोलायचं, हे खेड्याला नवीन नाही. रायगड जिल्ह्यात कर्जतच्या बाजूला खैराट नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एकशिक्षकी शाळेतल्या मुलांना २००७ मध्ये हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप मिळाले. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जगभरच्या योजनेतले. त्यांना सशाच्या कानांसारखे दोन अँटेना होते. ते कान वर केले, की शेजारच्या मुलाचा लॅपटॉप थेट सापडायचा. मधे ना वायर लागायची, ना इंटरनेट. आज ती यंत्रं जुनी झाली, पण त्यांच्यातलं 'शुगर' नावाचं सॉफ्टवेअर साध्या संगणकावरही चालवता येतं.

दुसरी गोष्ट कोल्हापूरकडच्या वारणानगरची. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकाराचा तो परिसर. १९९८ मध्ये तिथल्या सुमारे सत्तर गावांसाठी संगणक केंद्रांची योजना सुरू झाली. ऊस किती गेला, खत किती उचललं, पैसे किती जमा झाले, हे शेतकऱ्याला गावातच कळावं म्हणून. काही वर्षांनी संगणक जुने झाले, दुरुस्तीचा खर्च वाढला. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरूच्या संशोधन संस्थेतल्या मंडळींनी पाहिलं, की हा संगणक रोज नेमकं काय काम करतो? कामं मोजकीच निघाली. मग सात गावांत आठ महिने तीच कामं मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिली. सगळी झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ती पद्धत जास्त आवडली.

यातून आपण काय घ्यायचं? यंत्राची माया धरू नये, त्याच्या कामाची धरावी. जुन्या नोंदी एकदा वाचता आल्या, की त्या आजच्या वहीत आणि आजच्या संगणकात उतरवून घ्यायच्या. इम्युलेटर हा पूल आहे, पुलावर कोणी संसार मांडत नाही.

तुमच्याकडे असा संगणक असेल तर

पहिलं म्हणजे, त्याला पुन्हा पुन्हा चालू-बंद करून बघू नका. जुनी डिस्क एकदाच साथ देईल कदाचित. जाणकार माणसाकडून ती बाहेर काढून घ्या. जुनी डिस्क यूएसबीला जोडणारी वायर बाजारात मिळते. आधी पूर्ण नक्कल करा आणि सगळे प्रयोग नकलेवरच करा. मूळ डिस्क कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. फ्लॉप्या असतील तर त्याही फेकू नका.

दुसरं, तारीख बघा. जुन्या संगणकातला बटनासारखा सेल संपला, की कित्येकदा तारीख १ जानेवारी १९८० होते. अशा तारखेवर व्याज काढलं तर हिशेबाचा खेळखंडोबा होईल. डॉसबॉक्स लॅपटॉपची आजची तारीख घेतो, पण आधी खात्री करा.

तिसरं, मराठी अक्षरं. आमच्या प्रोग्रॅममध्ये नावं इंग्रजी अक्षरांत होती म्हणून निभावलं. पूर्वी डॉसमध्ये मराठी दिसण्यासाठी संगणकात 'जिस्ट' नावाचं वेगळं कार्ड बसवत. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचं ते काम. ते कार्ड नसेल तर मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. नोंद पुसली असं समजू नका. ती जुन्या सांकेतिक पद्धतीत आहे, जाणकार ती उलगडू शकतो.

चौथं, एका वेळी एकीनंच लिहायचं. दोन संगणकांवरून एकाच फाइलमध्ये लिहिलं, तर एकीची नोंद दुसरीच्या नोंदीवर बसू शकते. डॉसबॉक्समध्ये फाइलला कुलूप लावण्याची सोय भरवशाची नाही. बाकीच्यांनी फक्त बघावं.

पाचवं, या जुन्या संगणकांना इंटरनेटवर नेऊ नका. विंडोज ९८ ची सुरक्षेची डागडुजी २००६ मध्ये थांबली, विंडोज एक्सपीची २०१४ मध्ये. दाराला कडीच नाही असं घर ते. हॉटस्पॉटला पासवर्ड लावा आणि काम झालं की बंद करा. त्या नोंदींत बायकांची कर्जं आहेत, अडचणी आहेत. त्या चारचौघांत फिरायच्या नाहीत.

आणि शेवटचं. नोंदी निघाल्या की त्या कागदावर उतरवा, बैठकीत वाचून दाखवा, इतिवृत्तात लिहा आणि सह्या घ्या. पडद्यावरचा आकडा सगळ्यांनी ऐकला, मान्य केला, म्हणजे तो खरा आपला झाला. एक प्रत गटाकडे, एक ग्रामसंघाकडे आणि एक पेनड्राइव्हवर तिसऱ्याच घरी ठेवा. एका छताखाली सगळं ठेवल्यावर काय होतं, ते आम्ही पाहिलंय.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा, "आपले जुने हिशेब कुठं आहेत आणि ते आज कोणाला वाचता येतात?" उत्तर आलं नाही, तर कपाटाच्या वर बघा. गोणपाटाखाली झाकलेलं ते धुळकट खोकं भंगारवाल्याला देण्याआधी गावातल्या एखाद्या शिकत्या लेकीला हाक मारा.

येते मी. नमस्कार!