ठिबकच्या कंट्रोलरमधला टायमर

जळगावची जैन इरिगेशन ठिबकच्या नळ्यांसोबत स्वयंचलित कंट्रोलरही बनवते. रावेर-यावलच्या केळीबागेत अशा कंट्रोलरने एक व्हॉल्व्ह दोन तास उघडा ठेवायचा असेल, तर वेळ मोजायला चिपमधला हार्डवेअर टायमर असतो.

त्याची झेप छोटी. १६ बिटांचा टायमर ६५,५३५ पर्यंत मोजून शून्यावर येतो. १६ मेगाहर्ट्झचे घड्याळ १०२४ ने भागले तरी सेकंदाला १५,६२५ ठोके पडतात, म्हणजे ४.२ सेकंदांत फेरी संपते. फेऱ्या मोजणे आणि त्याच एका टायमरवर सगळे व्हॉल्व्ह, खताचा पंप, कीपॅड यांच्या मुदती सांभाळणे हे ड्रायव्हरचे, म्हणजे टायमर चालवणाऱ्या कोडचे काम. त्यातला चिपचे रजिस्टर हाताळणारा भाग वेगळा लिहावा. चिप बदलली तर तेवढाच बदलतो, सिंचनाचा प्रोग्राम तसाच राहतो.

खरी कसोटी पुढे आहे. ड्रायव्हरचा मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा आकडा सुमारे ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो, आणि केळी तर वर्षभराच्या आसपास शेतात उभी असते. ‘आताचा आकडा ठरलेल्या आकड्यापेक्षा मोठा आहे का?’ असे तपासणारा कोड नेमका तेव्हा फसतो. व्हॉल्व्ह वेळेआधी बंद होतो, नाहीतर उघडाच राहतो. आताच्या आकड्यातून सुरुवातीचा आकडा वजा करावा, दोन्ही ३२ बिटांचे आणि बिनचिन्हाचे ठेवून. मग आकडा उलटला तरी गेलेला वेळ बरोबर मिळतो.

लाईट गेली की मोजणी पुसली जाते. रात्रीच्या वीजपुरवठ्यावर ओलित करणाऱ्यांसाठी बॅटरीवरचे वेगळे घड्याळ हवेच, आणि राहिलेली मिनिटे कायमस्वरूपी मेमरीत लिहिलेली हवीत.