ठिपक्यांचा चेहरा

'वॉल स्ट्रीट जर्नल' या अमेरिकी दैनिकात माणसांचे चेहरे शाईच्या ठिपक्यांतून उमटतात. अशा चित्राला तिथे 'हेडकट' म्हणतात. त्यातला 'कट' म्हणजे आपल्या जुन्या छापखान्यांतला 'ब्लॉक'. केव्हिन स्प्राउल्स या चित्रकाराने १९७९ साली ही शैली तिथे आणली. तेव्हा पहिल्या पानावर सहसा फोटो न छापणाऱ्या त्या दैनिकाला ती शोभली, कारण ती चलनी नोटेवरच्या कोरीव चेहऱ्याची आठवण करून देते. फोटोवर पारदर्शक कागद ठेवायचा आणि पेनाने एकेक ठिपका टेकवत जायचे. एका चेहऱ्याला काही तास लागतात.

हे काम संगणकाला कसे शिकवायचे? फोटोतल्या काळोखाच्या प्रमाणात नुसते ठिपके उधळले तर कुठे गुठळ्या होतात, कुठे भोके पडतात. रांगोळीसारखे सरळ ओळीत मांडले तर चेहऱ्याआधी चौकटीच दिसू लागतात. संशोधक एड्रियन सेकॉर्ड यांनी २००२ मध्ये सुचवलेली रीत मला फार सुंदर वाटते. प्रत्येक ठिपक्याला त्याच्या सर्वांत जवळचा परिसर वाटून द्यायचा. मग ठिपक्याने त्या परिसराच्या मध्याशी सरकायचे, पण मध्य मोजताना गडद भागाला जास्त वजन द्यायचे. सगळे सरकले की वाटणी बदलते. पुन्हा वाटायचे, पुन्हा सरकायचे. होता होता केसांत दाटी होते, कपाळावर विरळाई येते आणि तरीही कुणी कुणाला खेटत नाही.

एवढे होऊनही गाल सपाटच दिसतो. सावली कुठे किती, एवढेच त्या ठिपक्यांना कळते. गाल कुठे वळतो ते कळत नाही. हेडकट काढणारा चित्रकार ठिपक्यांच्या रांगा गालाच्या गोलाईवरून फिरवतो, आणि माझ्या मते चेहरा खरा तिथेच घडतो. २००८ मध्ये सुंगयाँग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच पकडले. नाक, डोळे, जबडा यांच्या रेषा आधी शोधायच्या, पाण्यातल्या तरंगांसारख्या त्यांना समांतर रेषा काढायच्या आणि ठिपके त्या वाटांवर बसवायचे.

फोटोचे असे ठिपक्यांचे चित्र करून देणारा 'स्टिपलजेन' नावाचा मोफत प्रोग्रॅम २०१२ पासून मिळतो. कागदाचा किती उजळ भाग कोरा सोडायचा, याची एक मर्यादा त्यात असते. ती यंत्राला ठरवता येत नाही. बुबुळातला तो इवलासा पांढरा कवडसा उरेपर्यंत माणूसच ती थोडी पुढे, थोडी मागे सरकवत बसतो.