दुखतो दात, बिघाड तारेत

आखातात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचा एक रिवाज आहे. इथे दात दुखला की गोळीवर दिवस काढायचे आणि सुट्टीत गावी गेल्यावर तो काढून मोकळे व्हायचे. बहुतेक वेळा हे खपून जाते. पण एक दुखणे असे आहे की दात गेला तरी ते जागच्या जागी राहते, कारण बिघाड दातात नसतोच; तो दाताकडून मेंदूकडे जाणाऱ्या तारेत असतो. मी वैद्यकाचा नव्हे, अभियांत्रिकीचा डॉक्टर. म्हणून ही गोष्ट तारांच्याच भाषेत सांगतो.

चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक ट्रायजेमिनल मज्जातंतू असतो. या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'तिळे'. त्याचा पहिला फाटा कपाळ व डोळ्यांकडे जातो, दुसरा गाल व वरच्या दातांकडे, तिसरा खालच्या जबड्याकडे. चावण्याच्या स्नायूंना हुकूम पोचवणारे तंतूही तिसऱ्याच फाट्यातून जातात. कांदा चिरताना डोळ्यांची होणारी आग आणि ठेच्याने जिभेवर उठणारा जाळ, या दोन्ही खबरा हाच मज्जातंतू मेंदूला देतो.

मज्जातंतू म्हणजे एकच तार नव्हे. ती एक लाखाहून अधिक तंतूंची केबल आहे. त्यातले जाड तंतू स्पर्शाचे. त्यांच्यावर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे जाड वेष्टन असते आणि संदेश सेकंदाला ३० ते ७० मीटर वेगाने धावतो. बारीक तंतूंवर पातळ वेष्टन असते. ते तीव्र कळ आणि गारवा कळवतात. सर्वांत बारीक तंतू उघडेच असतात. त्यांतला संदेश सेकंदाला मीटर-दोन मीटरच सरकतो. रेंगाळणारी ठणक त्यांची. तंतूंच्या या वेगवेगळ्या कामांच्या शोधासाठी जोसेफ अर्लांगर आणि हर्बर्ट गॅसर यांना १९४४ चे नोबेल मिळाले.

आता केबलचा नाजूक सांधा पाहू. मेंदूबाहेरचे वेष्टन एका जातीच्या पेशी घालतात, मेंदूलगतचे दुसऱ्या जातीच्या. जणू दोन कंत्राटदारांचे काम जिथे मिळते ती जागा. मेंदूपासून काही मिलिमीटरच्या या पट्ट्यात पुष्कळदा एखादी रोहिणी मज्जातंतूला टेकलेली असते. तिच्या प्रत्येक ठोक्याबरोबर वेष्टन झिजत जाते. मग उघड्या पडलेल्या शेजारी तंतूंत संदेश गळू लागतो. आपण टेलिफोनवर दुसऱ्याचे बोलणे ऐकायचो, तसा स्पर्शाचा संदेश वेदनेच्या तारेत शिरतो.

या दुखण्याचे नाव ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. त्याचे चमत्कारिक वाटणारे लक्षण आता उलगडते. दाढी करणे, दात घासणे, उम्म अल कुवैनहून दुबईकडे जाताना गाडीतल्या एसीची झुळूक गालावर येणे, एवढ्यानेही वीज चमकावी तशी कळ उठते. ती बहुधा एकाच बाजूला असते आणि काही सेकंदांपासून दोन मिनिटांपर्यंत टिकते. किडलेला दात मात्र सहसा ठणकत राहतो, गरम-गार लागताच कळवळतो आणि रात्री झोपू देत नाही. कळ दुसऱ्या किंवा तिसऱ्या फाट्यात असली की संशय दातावरच जातो.

साध्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा चालत नाहीत. कार्बामाझेपिनसारखी औषधे तंतूंचे अकारण पेटणे आवरतात. मात्र आशियाई वंशाच्या काही लोकांत या औषधाने त्वचेवर गंभीर परिणाम होऊ शकतो. म्हणून कुणाच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत. डॉक्टरांनी रक्ततपासणी सांगितली तर ती टाळू नये. औषध पुरेनासे झाले तर शस्त्रक्रियेने रोहिणी आणि मज्जातंतू यांच्यामध्ये छोटी गादी ठेवता येते. ही पद्धत अमेरिकन शल्यविशारद पीटर जॅनेटा यांनी रूढ केली. अभिनेते सलमान खान यांनी या व्याधीवर २०११ मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रिया करून घेतली आणि पुढे त्याविषयी जाहीरपणे सांगितले, तेव्हा तिचे नाव घरोघरी पोचले. क्वचित एखादी गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिसही मुळाशी असतो. त्यासाठी एमआरआय करतात.

तेव्हा वाचकहो, कळ विजेसारखी असेल आणि एक्स-रेत दात निर्दोष दिसत असेल, तर दंतवैद्यांना एकच प्रश्न विचारा: "डॉक्टर, हे नसेचे दुखणे तर नाही ना?" आणि दात काढण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला भेटा. सुट्टी पंधरा दिवसांचीच असली तरी त्यातला एक दिवस या भेटीसाठी राखा. काढलेला दात पुन्हा उगवत नाही.