दोन वर्षांचा चाकू

नाणं म्हणजे गोल, हे आपल्या डोक्यात फिट्ट. पण मला भन्नाट वाटतं ते चीनच्या वांग मांगचं, इ.स. ७ मधलं. चक्क चाकूच्या आकाराचं! लांबून किल्लीच वाटते. ‘एक चाकू’ ही अक्षरं सोन्यानं जडवलेली. सरकारी भाव ५००० वूझू नाणी, ब्राँझ मात्र दहाएक नाण्यांइतकंच. मग काय, नकली नाण्यांचा धंदा जोरात.

इ.स. ९ मध्ये वांग मांग गादीवर बसला आणि चाकू बाद. का? आधीच्या हान राजांच्या ‘लिऊ’ आडनावाच्या अक्षरात चाकूचं चिन्ह होतं! म्हणून ते इतकं दुर्मिळ, आणि नकला आजही ढीगभर. अक्षरांच्या खाचेत सोनं भरलेलं नसेल, नुसता मुलामा असेल, तर मी पाकिटाला हातच लावणार नाही. सुरुवातीला साधं वूझू घ्या. ते सातशे वर्षं ओतलं जायचं, त्यामुळे खिशाला झेपतं.